दस्तीखालचं चर्चासत्र

लातूरच्या गाडीचं तिकीट मिळालं नाही, म्हणून नाशिकहून नांदेडला उतरले आणि पुढे एसटी धरली. लातूरला आम्हा जनावरांच्या डॉक्टरांची परिषद होती. माझ्या सत्रात भाषण नको, गोल खुर्च्या मांडून सगळ्यांनी बोलायचं, हा हट्ट माझाच. अध्यक्ष पाटीलसरांनी बजावलं होतं, कुणी बोललं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा भाषणंच.

अहमदपूरला बस थांबली. धास्तीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. गरम भजी घेतली आणि पहिल्याच घासाला जीभ भाजली. शेजारच्या मावशींनी पाण्याची बाटली पुढे केली, "लई घाई करायलाव, बाई." पुढे दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं सोयाबीन आणि हिरवीगार तूर. तेवढ्यापुरती धास्ती विसरले.

लातूरला मी विषय मांडला, रोग ओळखताना आपण कुठे चुकलो? झालं! भरलं सभागृह चिडीचूप. पाटीलसरांसमोर चूक कोण कबूल करणार? सर घड्याळ बघून गालात हसले, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

इतक्यात उदगीरच्या डॉ. बिरादारबाई उठल्या. औशाच्या एका डॉक्टरांच्या गळ्यातली दस्ती (मोठा रुमाल) मागून त्यांनी माझ्या हातावर टाकली.

"बाजारात बैलाचा भाव कुणी वरडून सांगत नसतंय, मॅडम. दस्तीखाली बोटं दाबत्यात. जितक्या चुका, तितकी बोटं. बाकीच्यांना कळायचं न्हाई."

मी एकेकापुढे हात धरत निघाले. कुणी दोन बोटं दाबली, कुणी चार. एकाने तर आख्खा पंजाच दिला. रिकामा हात एकाचाही नव्हता! मला हसू आवरेना, मग सगळेच हसू लागले.

शेवटी पाटीलसर. त्यांनी पाच बोटं दाबली, सोडली, पुन्हा पाच दाबली. मग दस्ती स्वतःच बाजूला केली.

"सांगतोच आता. पोटफुगी म्हणून एका म्हशीला दिवसभर औषध पाजलं. संध्याकाळी ती व्याली. मालकानं रेडकाला माझंच नाव ठेवलं."

मग काय विचारता! जो तो आपली चूक सांगायला पुढे. ज्वारीच्या भाकरी गार झाल्या तरी कुणी उठेना. कधी नव्हे ते मीसुद्धा गप्प बसून ऐकलं, आणि फार मजा आली.

परतताना पाटीलसर मला सोडायला स्टँडवर आले. खिडकीतून मी विचारलं, "पुढच्या वर्षी भाषणं किती, सर?"

औशाच्या डॉक्टरांची दस्ती अजून सरांच्याच खांद्यावर होती; तिच्याखाली त्यांनी हात पुढे केला. मी चाचपून पाहिलं. मूठ घट्ट मिटलेली होती, एकही बोट हाती लागलं नाही.