छबूबाईंचे अकरा फोटो

छबूबाई आमच्या कंपनीत पॅकिंगला आहेत. गाव महाळुंगेच. कंपनीच्या मागच्या भिंतीपलीकडे त्यांच्या सासऱ्यांचं वावर होतं, तिथे आता ट्रक उभे राहतात. हे त्या हळहळून सांगत नाहीत, पत्ता सांगावा तसं सांगतात. वय पंचावन्नच्या पुढेमागे. पातळावर कंपनीचा निळा कोट, पायात एक नंबर मोठे सेफ्टी शूज, आणि तोंड असं की सुपरवायझर त्यांच्या टेबलाला वळसा घालून जातात. नऊ वर्षांत तीन ठेकेदार बदलले, गळ्यातलं कार्ड तीनदा बदललं, बाई मात्र त्याच टेबलाशी उभ्या आहेत.

मशीनमधून आलेली ॲल्युमिनियमची रिंग उजेडात धरायची, चरा किंवा पोचा नाही ना बघायचं आणि क्रेटमध्ये ठेवायची, हे त्यांचं काम. मी क्वालिटीत ज्युनियर इंजिनियर. माझ्याकडे मोजमापाची यंत्रं आहेत, डिप्लोमा आहे, कंपनीचा लॅपटॉप आहे. तरी चरा आधी त्यांनाच दिसतो. "घ्या सायेब, ह्यो तुमच्या मशीनला दिसला न्हाई," म्हणत रिंग माझ्या हातावर ठेवतात आणि मला राग येतो. त्या बरोबर असतात म्हणून येतो, दुसरं काही नाही.

हे मी त्यांच्याविषयी लिहितोय खरं, पण यात माझी लाज गुंतलेली आहे. ती वगळून लिहायचा प्रयत्न मी दोनदा केला. जमलं नाही.

गेलं वर्षभर त्या रिंगांनी माझा जीव खाल्ला होता. आमच्याकडून चकचकीत निघालेला माल गिऱ्हाईक कंपनीत पोचेपर्यंत रिंगा एकमेकींवर आपटून खरवडायच्या. दर महिन्याला मेल, मेलमध्ये फोटो, फोटोवर लाल गोल. मी क्रेट बदलले, मधे फोमचे कागद घातले, शेवटी वैतागून भिंतीवर 'पार्ट हळू ठेवा' अशी पाटी लावली. छबूबाईंनी पाटी वाचली आणि म्हणाल्या, "आमी काय धोंडे टाकतो असं वाटलं का तुमाला?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. टेबलावर फुटक्या पॅलेटची एक फळी होती. तिच्यावर वायरिंगच्या पाइपाचे सहा तुकडे उभे बसवलेले, प्रत्येकावर सायकलची जुनी ट्यूब चढवलेली, आणि त्यांत रिंगा ओवलेल्या. दोन रिंगांच्या मधे ट्यूबचीच कापलेली चकती. सगळं घरी बसून केलेलं.

"बांगड्या कुनी टोपलीत फेकतं का सायेब?" त्या म्हणाल्या. "कासार कशा लावतो दांड्यावर? तसंच क्येलंय."

मी फळी हलवली, आडवी केली, उलटी करून पाहिली. रिंगेला रिंग लागत नव्हती. वर्षभर मी ज्याच्यावर डोकं फोडत होतो ते या बाईंनी रविवारी दुपारी निवांत बसून सोडवलं होतं. मी खिशातून फोन काढला. फोटो काढतोय म्हटल्यावर त्यांनी पदर सारखा केला, फळी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि हसल्या. नऊ वाजून दहा मिनिटांनी काढलेला तो फोटो. त्यांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आता कायझेनचं सांगायला हवं. कामात कुणी छोटी सुधारणा केली की तिला आमच्याकडे कायझेन म्हणतात. त्याचा फॉर्म असतो, दर तीन महिन्यांनी स्पर्धा असते, आणि पहिल्या आलेल्याचं नाव कॅन्टीनच्या बोर्डावर लागतं. फॉर्मला दोन फोटो जोडावे लागतात, 'आधी' आणि 'नंतर'. गंमत अशी की सुधारणा करताना 'आधी'चा फोटो काढायची आठवण कुणालाच राहत नाही. मग सुधारलेलं सगळं पुन्हा बिघडवायचं, पसारा करायचा आणि त्याला 'आधी' म्हणायचं. चाकणपट्ट्यात हे सगळीकडे चालतं.

मीही तेच केलं. "मावशी, रिंगा काढून जरा क्रेटमध्ये टाका, कशाही," मी म्हणालो.

"कशाही?"

"फोटोपुरतं."

त्यांचा हातच होईना. शेवटी एकेक रिंग उचलून क्रेटमध्ये ठेवायला लागल्या, तर ती नीटच पडायची. मी क्रेट गदागदा हलवला आणि फोटो काढला. दोन-तीन फोटोंत त्यांचे हात आले, म्हणून परत काढले. असे त्या सकाळी एकूण अकरा फोटो झाले.

"मावशी, बोर्डावर तुमचं नाव लागणार बघा," मी म्हणालो. मनापासून म्हणालो, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. त्यांनी ते घरी सांगितलं. त्यांची नात करिष्मा सातवीत आहे, तिने शाळेत सांगितलं. दुसऱ्या दिवशीपासून त्या मला विचारायला लागल्या, "कवा लागायचं सायेब?"

फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा असतो. 'कल्पना कोणाची' या रकान्यात कंपनीचा कर्मचारी नंबर घालावा लागतो. ठेकेदाराच्या माणसांना तो नंबर नसतो. मी छबूबाईंच्या कार्डावरचा नंबर घातला, फॉर्म पुढे सरकेना. रकाना मोकळा सोडला, तरी सरकेना. मग मी माझा नंबर घातला. तात्पुरता, असं स्वतःला सांगितलं. एचआरला एक फोन केला असता तर काम झालं असतं. तो मी केला नाही, कारण फॉर्मवर माझं नाव उमटल्यावर ते मला बरं दिसलं. तीन वर्षं ज्युनियर म्हणून घासली होती. छबूबाईंचं नाव मी खाली 'टीम मेंबर' म्हणून लिहिलं, इंग्रजीत, आणि इंग्रजी त्यांना वाचता येत नाही हे मला माहीत होतं.

तशाच फळ्या सगळ्या मालासाठी करून घेतल्या आणि तीन महिने एकही तक्रार आली नाही. आमचं कायझेन पहिलं आलं. मे महिन्यात मीटिंग हॉलमध्ये सादरीकरण ठरलं. प्लांट हेड रणजीत सर, सगळे विभागप्रमुख, शिवाय गिऱ्हाईक कंपनीचे दोन पाहुणे. टीम मेंबर हजर लागतात, म्हणून छबूबाई मागच्या रांगेत येऊन बसल्या. पातळ इस्त्रीचं होतं. आज नाव पुकारणार अशीच त्यांची समजूत होती.

रणजीत सरांनी विचारलं, "धम्मरत्न, हे सुचलं कसं तुला?"

मी तेव्हा सांगू शकलो असतो. त्याऐवजी मी म्हणालो, "सर, बांगड्यांचं दुकान बघून सुचलं. कासार दांड्यावर बांगड्या लावतो ना, तसं." बाईंचं वाक्य बाईंसमोर मी माझं म्हणून खपवलं. मागे बघायचं मी टाळलं.

पाहुण्यांपैकी एक म्हणाले, "फोटो फारच धूसर आहेत. पोचा कुठे पडायचा ते कळत नाही." ते फोटो मी व्हॉट्सॲपवरून घेतले होते, त्यात बारीक काही उरलं नव्हतं. "मूळ फोटो फोनमध्ये असतील ना? आत्ता घे लॅपटॉपवर," रणजीत सर म्हणाले.

आमच्या लॅपटॉपला केबल चालत नाही. फोन जोडला की लाल पाटी येते, कंपनीचा नियम आहे. त्यामुळे आम्ही सगळे फोटो वायफायवरूनच घेतो. फोनमध्ये एक ॲप आहे, लॅपटॉपच्या पडद्यावरचा चौकोनी कोड त्याने टिपायचा, फोटो निवडायचे, पाठवायचे. रोजचं काम. पण सगळे बघत होते आणि माझ्या हाताला घाम आला होता. दोन फोटोंवर बोट ठेवायचं ते मी त्या तारखेशेजारच्या गोलावर ठेवलं. तारखेवर बोट पडलं की त्या दिवसाचे सगळे फोटो निवडले जातात. मी पाठवा म्हटलं.

लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला होता. भिंतीवर फोल्डर उघडलेलं होतं आणि त्यात एकेक फोटो येऊन बसायला लागला, खाली वेळेसकट. पहिला नऊ दहाचा. छबूबाई, फळी छातीशी धरून हसताना. मग नुसती फळी. मग फळीवरून रिंगा काढणारे हात. मग अर्धी रिकामी फळी. सगळ्यात शेवटी, नऊ एकोणचाळीसला, विस्कटलेला क्रेट, तोच मी 'आधी' म्हणून दाखवत होतो. थांबवायचं बटण मला सापडेना.

"आधीचा फोटो नंतर काढलाय वाटतं," रणजीत सर म्हणाले आणि सगळे हसले. विभागप्रमुख हसले, पाहुणेही हसले. तो गुन्हा सगळ्यांचाच होता, त्यामुळे तो कुणाला लागला नाही. मला वाटलं, सुटलो.

मग सरांनी पहिल्या फोटोकडे बोट केलं. "या कोण? फळी यांच्या हातात कशी?"

देवाचं नाव घ्यायची आमच्या घरात रीत नाही, पण त्या क्षणी मला कुणीतरी आयता दरवाजा उघडून दिला होता. 'सर, यांनीच केलं हे.' चार शब्द. मी म्हणालो, "सर, आकाराचा अंदाज यावा म्हणून मावशींना फळी घेऊन उभं केलं होतं."

सरांना ते पटलं नसावं. त्यांनी मागच्या रांगेकडे बघून विचारलं, "हो का मावशी?"

छबूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"व्हय सायेब," त्या म्हणाल्या. "मी नुसती उभी हुते."

टाळ्या झाल्या. मला प्रमाणपत्र आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. चहा यायच्या आत छबूबाई उठून गेल्या होत्या. नंतर मी त्यांच्या टेबलाशी गेलो आणि फॉर्मचं, नंबराचं सांगायला लागलो. त्यांनी मान वर केली नाही. "ऱ्हाऊ द्या सायेब. मशीनवरनं माल यायचाय," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी कासारवाडीला घरी गेलो. माझे वडील जयसिंग पिंपरीच्या एका जुन्या कंपनीत बत्तीस वर्षं लेथवर होते. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, प्रमाणपत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. त्यांची एक गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्यांनी मशीनला एक पत्र्याचा आडोसा सुचवला होता, अंगावर तेल उडू नये म्हणून. कागद सूचनापेटीत टाकला. आडोसा सगळ्या मशीनना लागला, आणि कंपनीच्या अंकात फोटो आला तो साहेबाचा.

"धम्मा, सुचलं तुझं तुलाच?" त्यांनी विचारलं.

"हो आबा," मी म्हणालो.

"आपल्या घरातलं नाव लागलं एकदाचं," ते म्हणाले आणि खिळा शोधायला गेले. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. ज्या साहेबाला या घरात तीस वर्षं नावं ठेवली, तो साहेब मी झालो होतो, आणि माझा बाप त्याचं घड्याळ भिंतीला टांगायला निघाला होता. मी त्यांना तिथेच थांबवलं आणि सगळं सांगितलं. घड्याळ त्यांनी परत खोक्यात घातलं आणि खोकं माझ्या बॅगेशेजारी ठेवलं.

सकाळी कंपनीत गेल्यावर मी पहिलं काम हे केलं. अकराही फोटो वेळेसकट रणजीत सरांना मेल केले आणि खाली लिहिलं की कल्पना छबूबाईंची आहे, मी सभेत खोटं बोललो. सरांनी बोलावून मला उभं-आडवं झापलं. "नंबर नव्हता तर मला फोन करता येत नव्हता? पाहुण्यांना काय सांगू मी आता?" मग ते म्हणाले, "मला सांगून भागणार नाही. शिफ्टच्या मीटिंगमध्ये उभा राहा आणि सगळ्यांना सांग."

शनिवारी सकाळी सात वाजता चाळीस माणसांसमोर मी सांगितलं. मागून कुणीतरी "मोठ्यानं" म्हणालं, मग परत पहिल्यापासून सांगितलं. घड्याळ आणि नवं प्रमाणपत्र सरांनी छबूबाईंच्या हातात दिलं. कॅन्टीनच्या बोर्डावर माझं नाव काढून त्यांचं लावलं, मराठीत, शेजारी नऊ दहाचा फोटो. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आता तरी जरा हलकं वाटेल.

सगळे मशीनकडे गेल्यावर मी छबूबाईंजवळ गेलो. "मावशी, चुकलं माझं. माफ करा."

त्या बोर्डाकडे बघत होत्या. "नाव लागलं, बरं झालं. पोरीचं शाळंतलं बोलनं खरं ठरलं," त्या म्हणाल्या. "पन सायेब, नऊ वर्सांत खराब पार्ट चांगला म्हनून म्या कधी म्होरं सोडला न्हाई. त्या दिशी चारचौघांत खोटं बोलून तुमाला सोडला."

त्यांनी घड्याळ टेबलाखाली ठेवलं, कोटाची बटणं लावली आणि पहिली रिंग उजेडात धरली.