माझ्या नावाने गेलेली उत्तरं

“पल्लवी सावंत तूच ना?”

अंधेरीतल्या आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनपाशी उभ्या असलेल्या बाईंनी फोन माझ्यासमोर धरला. आमच्याच व्हिडिओ अ‍ॅपचं पान होतं. तळाशी ग्रिव्हन्स ऑफिसर, म्हणजे तक्रार अधिकारी, म्हणून माझं नाव. नियमाप्रमाणे असं एक नाव जाहीर करावंच लागतं. कंपनीने माझं टाकलं. तक्रारींच्या मेलना उत्तरं मशीन द्यायचं. काय उत्तरं देतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

हिराबाई माहुलच्या. चेंबूरच्या सोसायट्यांत दारोदार मासळी विकायच्या.

“ह्यो बग,” म्हणत त्यांनी व्हिडिओ लावला. त्यात त्या टोपलीपुढे बसून हसत सांगत होत्या, की मासळी ताजी दिसावी म्हणून मी केमिकल लावते. चेहरा त्यांचा, आवाजही हुबेहूब त्यांचा.

“मी असं कदी बोललेच नाय. गिऱ्हाईक फोटो काढतात, व्हिडिओ काढतात. त्याचंच कोणी तरी हे केलं. तीन सोसायट्यांनी मना गेटवरच अडवलं.”

त्यांच्या सुनेने तीनदा तक्रार केली होती. तिन्ही उत्तरं इंग्रजीत, खाली माझं नाव.

“काय लिवलंय? वाचून दाखव.”

मी मराठीत सांगितलं, “तुमची तक्रार निकाली काढली आहे.”

मग म्हटलं, “मावशी, बसा. आलेच.”

नियम साफ होता. ए.आय.ने कुणाचं खोटं रूप बनवून फसवणूक केली आणि त्या व्यक्तीने तक्रार केली, तर व्हिडिओ ठरावीक तासांत काढायचा. मी देवेशकडे, माझ्या बॉसकडे गेले.

“लेबल लाव ना यार,” तो म्हणाला. “ए.आय. असं लिही, बस. नवीन नियम लेबलचाच आहे.”

“लेबल लावून खोटं खरं होत नाही. त्या मावशींचा धंदा बसलाय.”

“फेक आहे कशावरून? आयडी माग, फॉर्म भरून घे. व्हिडिओ मस्त चाललाय, पल्लवी.”

“त्या बाहेर बसल्यात. येऊन भेट तरी.”

तो उठला नाही.

त्याच सकाळी एक व्हिडिओ काढण्याचा सरकारी आदेश आला होता. एका नेत्यावरचा साधा विनोद. देवेशने माझ्या खुर्चीमागे उभं राहून तो लगेच काढायला लावला होता. कारण काय, हे त्याने विचारलंसुद्धा नव्हतं.

माझं डोकं फिरलं. जागेवर जाऊन मी हिराबाईंचा व्हिडिओ काढला. मग तक्रारींचा मेलबॉक्स उघडला. दिंडोशीच्या एका शिक्षिकेचा फोटो कुणी तरी घाणेरड्या व्हिडिओत चिकटवला होता. मुलुंडच्या एका डॉक्टरच्या तोंडी भलत्याच औषधाची जाहिरात घातली होती. सगळ्यांना माझ्या नावाने तेच एक वाक्य गेलं होतं.

देवेश धावत आला. “परमिशन कोणी दिली?”

“तू. माझं नाव छापलंस तेव्हा.”

आठवड्याभरात त्या पानावर दुसऱ्या मुलीचं नाव लागलं. मी राजीनामा दिला. त्याआधी मेलबॉक्समधली प्रत्येक तक्रार स्वतः वाचून निकाली काढली. त्याला तीन दिवस लागले.

हिराबाईंना दोन सोसायट्यांनी पुन्हा आत घेतलं. तिसरीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ अजून फिरतोय. तिथे त्या जात नाहीत.

कुठेही आपलं नाव छापू देण्याआधी त्या नावाने काय पाठवलं जातंय, ते वाचावं. मी दोन वर्षं वाचलं नाही. देवेशचा राग अजून येतो, पण सगळा राग त्याच्यावर काढता येत नाही.