समुद्राकाठचे मूठभर तांदूळ

आज कुकरचं झाकण काढलं आणि चिन्नोर तांदळाचा वास घरभर पसरला. आमच्या बालाघाटात या वासाचं कुणाला नवल नाही. मला मात्र पुरीचा समुद्र आठवतो.

बाबा उकव्याच्या मँगनीज खाणीतून रिटायर झाले, तेव्हा आम्ही पुरीला समुद्राकाठी चार दिवस फ्लॅट भाड्याने घेतला होता. आईने घरचे तांदूळ सोबत बांधले होते. खारट वाऱ्यात तिच्या भाताचा वास मिसळला की ते परकं घर आपलं वाटायचं. दुपारभर ती बाल्कनीत बसून लाटा बघायची. औषधांनी केस गळलेले, म्हणून डोक्यावरचा पदर उडू नये यासाठी तिने तो दातांत धरलेला असायचा.

निघताना तिने ओटा पुसला आणि उरलेले मूठभर तांदूळ तिथल्या डब्यात टाकले. परक्या घरी रांधलं की डबा रिकामा ठेवून निघायचं नाही, म्हणजे परत येणं होतं, असं ती मानायची.

"पुढच्या वर्षी येऊच, आई," मी पिशव्या उचलत म्हणालो.

"हौ, तुमी याजा," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच ठेवून राह्यली."

त्या वर्षीचं धान घरात यायच्या आधीच ती गेली.

आता माझी मुलं समुद्र बघायचा म्हणतात. तो फ्लॅट अजून मोबाइलवर भाड्यासाठी दिसतो. मी ओट्याचा फोटो मोठा करून बघतो. डबा तिथेच आहे, झाकण लावलेला.