गेगार्दचा मेंढा आणि अक्कांचा बोकड

येरेवानच्या विमानतळावर मुलगी मयूरी घ्यायला आली. ती कशी आहे हे विचारायच्या आधी मी विचारलं, "चर्च कुठली कुठली बघायची?" जन्मभर शिंदखेड्याच्या शाळेत इतिहास शिकवल्याने जडलेला हा रोग आहे. मयूरी तिथे डॉक्टरकी शिकते. रोग तिने लगेच ओळखला. "आधी जेवा, पप्पा," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गेगार्दच्या मठाकडे निघालो. वाटेत मी बायकोला, सुमनला, व्याख्यान दिलं. राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारून तो राज्याचा केला, असा हा जगातला पहिला देश. पुढे राज्यं बुडाली, पण मठांनी भाषा आणि हस्तलिखितं सांभाळली. सोव्हिएत काळात कित्येक चर्चना कुलपं लागली, काहींची कोठारं झाली. सुमन खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अठे कापूस व्हत नही का?" (इथे कापूस होत नाही का?)

गेगार्द दरीच्या टोकाला आहे. अर्धं बांधलेलं, अर्धं कातळात खोदलेलं. अजिंठा आपल्या शेजारचा, म्हणून मी जरा तोऱ्यातच आत शिरलो आणि डोक्यावरची टोपी काढली. छताच्या एका झरोक्यातून उजेड येत होता. भिंतींवर खाचकार (वेलबुट्टीत कोरलेले क्रूस) होते. एक बाई मेणबत्ती लावून दगडाला कपाळ टेकून उभी होती.

बाहेर एक कुटुंब मेंढ्याला चर्चभोवती फिरवत होतं. पाद्रीबाबांनी मंतरलेलं मीठ त्याला चाटवलं. मयूरीने चौकशी केली. नातवाचं ऑपरेशन नीट झालं म्हणून आजोबांनी मताघ (देवाला बोललेला बळी) आणला होता. मटण नुसत्या मिठात शिजवून सगळ्यांना वाटायचं.

मी मोबाइलवर चित्रण करत म्हणालो, "केवढी जुनी परंपरा. माणसं कशी जोडली जातात बघ."

"आनि अक्काना बोकड?" सुमनने विचारलं.

अक्का माझी थोरली बहीण, एरंडोलला असते. तिचाही नातू ऑपरेशनमधून वाचला होता. तिने बोललेला बोकड मी शेजाऱ्यांसमोर अंधश्रद्धेवर भाषण करून परत पाठवायला लावला होता. तेव्हापासून ती माझा फोन उचलत नव्हती.

"इथलं वेगळं आहे."

"काय येगळं शे?"

इथे वास्तुशिल्प आहे, एवढंच उत्तर सुचलं. ते मी गिळलं.

आजोबांनी आम्हाला जाऊ दिलं नाही. दुपारी ओढ्याकाठी पातेलं उतरलं, तेव्हा त्यांनी लवाशमध्ये (पातळ रोटीत) मटण गुंडाळून माझ्या हातात दिलं. तुमच्याकडे असं करतात का, असं त्यांनी मयूरीमार्फत विचारलं.

मी तोंडातला घास चघळत राहिलो. सुमन म्हणाली, "करतस. पन या मास्तरले इचारनं पडस." (करतात, पण या मास्तरांना विचारावं लागतं.)

मयूरीने तेही इमानदारीने सांगितलं. आजोबा पोट धरून हसले आणि मला अजून एक रोटी दिली. मी तीही खाल्ली.

गावी परतल्यावर दोन दिवसांनी एरंडोल गाठलं. अक्काने दार उघडलं, पाणी दिलं. मी शब्द जुळवत मोबाइल पुढे केला. तिने मेंढा पाहिला, पाद्री पाहिला, मयूरीने टिपलेला खाणारा मीही पाहिला.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "तू नवस फेड. मी स्वतः उभा राहतो."

"तू विमानमा बसना, तवय फेडी टाका," अक्का शांतपणे म्हणाली. "बठ्ठं गाव जेवनं." (तू विमानात बसलास, तेव्हाच फेडला. सगळं गाव जेवलं.)

एक माणूस देशाबाहेर जाण्याची वाट बघत एक अख्खं गाव थांबलं होतं, हे इतिहासाच्या मास्तराला कुठल्याच मठाने सांगितलं नव्हतं. अक्काने ताट वाढलं. त्यात मेथीची भाजी होती.