डिझेलचा वास

काकूनं कचऱ्याची काळी पिशवी टराटरा फाडली, गाडीच्या मागच्या सीटवर पसरली आणि मला म्हणाली, "आता बस. सीटा नव्या आहेत."

मी अकरा वर्षांची. फ्रॉक आईनं सकाळी इस्त्री केलेला. आंघोळ दोनदा केलेली. पण माझा बाप दुबईपासून दोन तासांवरच्या फुजैराच्या बंदरावर तेलाच्या टाक्या साफ करणाऱ्यांचा मुकादम. स्वतःही आत उतरायचा. काकू मराठी मंडळाची अध्यक्ष. मंडळ म्हणजे बारा घरं. आमचं आडनाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती "अच्छा" म्हणून थांबली होती. त्या अच्छाचा अर्थ मला पुढे कळला.

तिची मुलगी नाक दाबून म्हणाली, "मम्मी, शी स्मेल्स ऑफ डिझेल."

आई गाडीबाहेरच उभी होती. तिनं ऐकलं. म्हणाली, "बस गं. नेतायत ना."

बसले. थेट दुबईपर्यंत. प्लास्टिक मांड्यांना चिकटलं. जरा हलले की चुरचुर वाजायचं. ती पोरगी हसायची.

तिथल्या मराठी वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. फोटोसाठी काकूनं मला ओढून जवळ घेतलं. "आमच्या फुजैराची मुलगी!" तिचा गाल माझ्या गालाला. अत्तर, पावडर, घाम. मनात म्हटलं, आता नाही आला वास?

परत निघताना पिशवी सीटवर तशीच. मी ती ओढली आणि पार्किंगमध्ये फेकली.

"उचल ती."

"नाही. मी सीटवर बसणार."

"नाटकं खलास. पिशवीवर बस, नाहीतर राहा इथंच."

"राहते."

गाडी खरंच गेली. हॉलच्या वॉचमननं फोन दिला, मी बाबांना बोलावलं. तीन तासांनी ते आले, कामाच्याच कपड्यांत. परतीच्या बसमध्ये म्हणाले, "उद्या माफी माग, बाळा. बारा घरांत राहायचंय आपल्याला."

तेवढ्यात मला डिझेलचा वास आला. मी नकळत खिडकीकडे सरकले. स्वतःच्या बापापासून. काकूची आली नसेल इतकी किळस मला त्या क्षणी माझी आली. मी परत सरकले. त्यांच्या दंडाला टेकले. म्हटलं, "मागणार नाही."

मागितली नाही. मंडळाची बोलावणी बंद झाली.

आज दुबईत नोकरी करते. ऑफिसात कुणी विचारतं, वडील काय करायचे? 'ऑइल अँड गॅसमध्ये होते' असं गुळगुळीत उत्तर मी देत नाही. सांगते, "तेलाच्या टाक्या साफ करायचे. आत उतरून." कुणाकुणाचं तोंड वाकडं होतं.

होऊ दे. नजर मी खाली घेणार नाही. त्यांनी घ्यायची.