आखाजीला टाकलेली नवी सिस्टीम

बोदवडच्या सुमनअक्कांचं नाव आधी सांगतो. पुढचं ऐकल्यावर ते नाव माझ्या तोंडी तुम्हाला सहन होणार नाही, म्हणून आधी. मी यावलकडचा, आठवीत शाळा सोडून धुळ्याला प्रेसमध्ये कागद उचलायला आलेलो. कॉम्प्युटरसमोर मला बसवलं ते तिथं टाइप करणाऱ्या अक्कांनी. आपल्या डब्यातलं अर्धं दिलं, मराठी टाइप शिकवलं. आज सुरतेत पोट भरतोय ते त्यावरच. आणि ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही.

नव्वदीतली ऐन लग्नसराई. पत्रिकांचा ढीग. तशात मालकांनी — आबांनी — कॉम्प्युटरची नवी सिस्टीम आणली. टाकायची ती आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर. नवी वस्तू आमच्याकडे आणखी कधी सुरू करतात? अक्का सणाला माहेरी, बोदवडला निघालेल्या. म्हणाल्या, "आधी सगळ्या पत्रिका फ्लॉपीवर उतरव. मगच हात लाव." स्टँडवर पोचवायला गेलो तेव्हा परत विचारलं, "उतरवल्यास ना, भाऊ?"

"हो अक्का."

नव्हत्या उतरवल्या. रात्रीतून उतरवू, म्हटलं — आणि झोपलो. सकाळी आबा नारळ घेऊन उभे, मुहूर्त टळत होता... नाही, हे कारण नव्हे. मला एकट्यानं करून दाखवायचं होतं. नवी सिस्टीम जागा मागत होती. मी जुनं सगळं पुसलं. पडदा उजळला, नारळ फुटला, पेढे वाटले. मग मराठीचा प्रोग्राम टाकला — तो नव्या सिस्टीमवर उघडेचना. पत्रिका गेलेल्या, आणि पुन्हा टाइप करायचीही सोय नाही.

अक्का परतल्या तेव्हा दारात नवऱ्यामुलांचे बाप तावातावानं उभे. "हाई काय शे रे?" आबा ओरडत होते. "पत्रिका कोठे शेतस?"

"घाबरू नका, आबा. फ्लॉप्या आहेत," अक्का म्हणाल्या. "शेजारच्या प्रेसमध्ये जुनीच सिस्टीम आहे, तिथं छापून घेऊ." आणि माझ्यापुढे हात केला.

मी काय म्हणालो असेन?

"तुमच्याच पिशवीत ठेवल्या ना, अक्का. स्टँडवर."

त्यांनी टेबलावर पिशवी उलटी केली. लुगडं, फणी, सांजोऱ्यांचा डबा. पुन्हा झटकली. मग हळू आवाजात, "गाडीत पडल्या असतील. माझंच ध्यान नसेल." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला — स्वतःपेक्षा जास्त. एकदा तरी रागानं बघायचं होतं माझ्याकडे.

आबांनी त्यांना त्याच दिवशी घरी बसवलं. तोंडातोंडी गोष्ट पसरली, धुळ्यात दुसऱ्या कुठल्या प्रेसनं घेतलं नाही. पुढे त्या बोदवडलाच राहायला गेल्या, असं ऐकलं. त्यांची खुर्ची मला मिळाली. सांजोऱ्याही मीच खाल्ल्या — माझ्यासाठीच आणल्या होत्या ना.

आणि फ्लॉप्यांचं कोरं खोकं तेव्हा माझ्या वळकटीत होतं. अजून माझ्याकडे आहे. वरचं प्लास्टिकसुद्धा फाटलेलं नाही. एक दिवस बोदवडला जाईन. त्यांच्या माणसांसमोर ते अक्कांच्या हातात देईन, आणि सांगेन, तुमच्या पिशवीत काहीच नव्हतं.