गायरानाला पडीक कुणी म्हटलं?

मंगळवारी सकाळी आमच्या गावात ग्रामसभा झाली... माझं डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून इथे लिहितोय.

विषय होता सोलर प्रकल्पाचा. पुण्याहून आलेल्या सल्लागार साहेबांनी प्रोजेक्टर लावला. प्रत्येक राज्याने ठरावीक टक्के वीज ऊन, वारा, पाणी असल्या स्रोतांतून घ्यायची, नियम देशभर एकच, त्यात तुमच्या गावाचाही वाटा, म्हणून गायरानावर पॅनल... असं त्यांचं म्हणणं.

सोलरला माझा विरोध नाही. माझ्या विहिरीवरचा पंप सोलरवरच चालतो. पण साहेबांनी आधी राजस्थानातल्या वाळवंटाचा फोटो दाखवला आणि पुढच्याच स्लाइडवर आमचं गायरान. दोन्हींखाली एकच शब्द, पडीक.

मी पंचायतीचा सदस्य, उठलो. म्हटलं, नियम एक ठेवा, पण जमीन सगळीकडे एकच आहे का? इथे पारगावच्या कारखान्यात उसाच्या चिपाडावर वीज होते, ती आमच्या वाट्यात धरा. पोल्ट्रीच्या, शाळेच्या पत्र्यांवर पॅनल टाका. साहेब म्हणाले, ते वेगळ्या हेडखाली येतं... तिथे माझा आवाज चढला.

तेवढ्यात मागून रानूबाई उठल्या. धनगरवस्तीवरच्या, सत्तरीला टेकलेल्या, सगळी हयात मेंढरांमागे गेलेली. अगदी शांतपणे म्हणाल्या, "सायेब, पावसाळ्यात समद्यांच्या रानात पिकं असत्यात. तवा आमची मेंढरं कुठं चरत्यात, ते लिवलंय का तुमी?"

मला आणखी चेव आला. गायरान पडीक आहे हे ठरवलं कुणी, असं मी साहेबांना दरडावूनच विचारलं.

त्यांनी फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. आमच्याच पंचायतीने पाठवलेली माहिती. सध्याचा वापर : काही नाही, पडीक. खाली सदस्यांच्या सह्या... दुसरी सही माझी.

मग आठवलं. कांदा काढणी चालू होती, शिपाई बांधावर कागद घेऊन आला आणि मी मातीच्या हातानेच सही ठोकली. एक ओळ वाचली नाही.

खाली बसावंसं वाटलं, पण बसलो नाही. सही माझी आहे आणि माहिती खोटी आहे, असं सगळ्यांसमोर सांगितलं. रानूबाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "मंग खोड की आता."

खोडता येत नाही म्हणे. मग तिथेच नवीन ठराव लिहिला : गायरानाची पाहणी करा, चराईची नोंद घ्या, तोवर प्रकल्प थांबवा. ठराव मंजूर झाला. वरच्या ऑफिसात त्याचं काय होईल, देव जाणे.

रानूबाई फेसबुकवर नाहीत, तरी त्यांचे आभार इथेच मानतो. राग अजून आहे, पण आता निम्मा माझ्यावरच... दिल्लीत बसलेल्यांना आमचं गायरान दिसलं नसेल. मी तर रोज त्याच्या कडेने गाडी नेतो.